डबीतला चांगला भाग

माझ्या दोन वर्षांच्या मल्हारला जुलाब लागले तेव्हा आटपाडीच्या डॉक्टरांनी पाण्यात घालायची पावडर दिली आणि शी तपासून आणायला सांगितलं. लॅबवाल्या भाऊसोंनी झाकणाची डबी दिली. कशी भरायची ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शीच भरायची, त्यात विचारायचं काय?

सकाळी त्याला कागदावर बसवलं. शी नुसती पातळ नव्हती. बाजूला आव होती, तिच्यात रक्ताच्या रेघा. मला लाज वाटली. भाऊसो आमच्याच भावकीतले. पाहुणे आले की मी फुटका कप मागे सारते, तसंच केलं. रक्त-आवेचा भाग बाजूला सारला, चांगला दिसणारा डबीत भरला आणि डबी बाहेरून साबणाने धुतली. माझी सासू रंगूबाई दारातून बघत होती. माझ्या प्रत्येक कामात खोट काढणारी बाई, पण तेव्हा काही बोलली नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. रक्त नाही, जंतू नाहीत, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, "रक्त पडतंय का?"

मी कागदाकडे बघितलं. मशिनीखाली बघून शिक्का मारलेलं खोटं कसं असेल? म्हटलं, "न्हाई." डोळ्यांनी बघितलेलं मी खोटं ठरवलं. बारावी शिकलेली आहे मी.

डॉक्टरांनी नुसती पावडरच चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. सांगलीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो मला ओळखत नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तपासायला रक्त-आवेचाच भाग द्यायचा असतो. बाकीच्यात जंतू सापडतीलच असं नाही." त्यांनी शांतपणे सांगितलं, मी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मल्हार गेला.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. भेटायला आलेल्या बाया म्हणतात, रड, मोकळी हो. मी त्यांचे कप गोळा करते.

माझा नवरा जयराज फौजेत आहे. तो पोहोचला तेव्हा माती देऊन झाली होती. आल्यापासून तो रिपोर्ट हातात घेऊन बसायचा. सातव्या दिवशी त्याने विचारलं, "सांगलीच्या बाईंना फोन केलावता. डबी कुनी भरली?"

मी तोंड उघडलं.

"मी भरली," रंगूबाई म्हणाली. "घाण कशाला द्यायची म्हनलं. माझीच अक्कल."

जयराज उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून तो आईशी बोलला नाही. तिने दिलेलं पाणीही घेतलं नाही.

मी तिला मोरीत गाठलं. "आत्या, का वं?"

"तुमा दोघास्नी अजून लय दिस काढायचं हायत," ती म्हणाली. "माझं काय? ते कप नीट इसळ."

आज जयराजची सुट्टी संपली. दरवेळी तो निघताना आधी आईच्या पाया पडतो, मग बॅग उचलतो. रंगूबाई सवयीने उंबऱ्याजवळ येऊन उभी राहिली, लुगडं जरा सावरून. त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, स्वतःला जप म्हणाला, बॅग उचलली आणि तिला वळसा घालून गेला.

एसटी येईपर्यंत तो फाट्यावर उभा होता. दारातून दिसत होता, हाक ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही.