सोंगांच्या खोपटातलं लॅटिन

टोकावड्याचा सावळाराम सदतीस साली मॅट्रिकला लॅटिनात नापास झाला. तसं काही घडलंच नाही असं धरून रखमी आत्याने गावभर गूळ वाटला. तिनेच हट्टाने भाच्याला मुंबईच्या शाळेत धाडलं होतं. तिथे संस्कृतच्या वर्गात त्याच्यापुरता बाक कधी शिल्लक नसे; लॅटिनच्या वर्गात बाकच बाक.

वैशाखात बोहाडा आला. देवादानवांचे लाकडी मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचायची आणि उजाडताना शेवटी देवी निघायची. त्या वर्षी नेमकी सागाच्या पाल्याच्या खोपटात देवीच्या मुखवट्याची दोरी तुटली. पुढचं सोंग निघेस्तोवर बाहेर कुणीतरी काही ना काही म्हणत राहायचं, असा रिवाज. आणि म्हणणाऱ्या राघोचा घसा पार बसलेला. संबळवाल्या धाऊने सावळारामला पुढे ढकललं.

"तुजी इद्या काढ आता."

समोरच आत्या बसली होती. गप्प राहावं तर तिचा गूळ खोटा पडणार. खोपटाकडे बघता बघता सावळारामला एकच शब्द आठवला: स्केना. रोमन लोकांनी रंगमंचासाठी तो ग्रीकांकडून उसना आणलेला. मुळात अर्थ तंबू, नटांनी सोंग चढवायचं खोपट. एवढं समजावायचा धीर नव्हता, म्हणून त्याने नुसती विभक्ती चालवली. स्केना, स्केना, स्केनाम, स्केनाय, स्केनाय, स्केना. धाऊने खाली ठेका धरला. दोरी बांधून झाली, देवी डुलत बाहेर आली आणि बायांनी हात जोडले ते देवीला आणि थोडे सावळारामलाही.

पुढल्या साली तो मुकाट मागे बसला. देवी खोपटातून हलेना.

"आधी तुजं ते म्हण," धाऊ म्हणाला. "त्याबिगर ती नाय निघायची."

मग दरसाल म्हटलं. गुराखी पोरं म्हशींवर बसून ‘स्केनाम, स्केनाय’ करू लागली. शेवटच्या दुखण्यात आत्याने त्याला जवळ बोलावलं.

"नापास झालतास, ठावं हाय मला. पर देवी निघाली ना रे तुज्या बोलण्यावर? मंग?"

आता आत्या नाही. धाऊचा संबळ आढ्याला टांगलाय. सागाचा सुका पाला वाजला की सावळारामची जीभ आपली आपण चालू लागते. सत्तेचाळीस साली त्याने परीक्षा खात्याकडे अर्ज धाडला:

‘सबब विनंती की, अर्जदारास सदर विषयात सदतीस सालापासून उत्तीर्ण धरण्यात यावे, व निकाल कै. रखमी, मु. टोकावडे, यांस समक्ष कळविण्यात यावा.’