अंबाडी नव्हे ती

कणीक मळून झाकून ठेवली, पांढऱ्या कपड्यांचं मशीन लावलं आणि कुकरकडे एक कान ठेवून सुप्रभाबाई वरच्या अडगळीच्या बॉक्स रूममध्ये कलमं करायला बसल्या. जास्वंदीची करतात तशीच. कोवळा शेंडा तिरका कापायचा, मोठी पानं निम्मी कातरायची, पेल्यातल्या पाण्यात उभा करायचा आणि मग रोज उठून मुळं फुटली का म्हणून त्याला छळायचं नाही. फोनवर कीर्तन लावलेलं होतं. बुवा पूर्वरंग आळवीत होते आणि बाईंची झांजेला सरावलेली बोटं पेल्याच्या काठावर ठेका धरीत होती.

झाड गांजाचं होतं. बाईंनी त्याला दुसरं नाव कधी दिलं नाही. 'औषधी वनस्पती' म्हणणं त्यांना लबाडीचं वाटे. या देशात तो गुन्हा आहे हे त्या जाणून होत्या. देवाला सांगून ठेवलं होतं, सरकारला विचारलं नव्हतं.

खालच्या खोलीत आरामखुर्चीत त्यांचे यजमान कमलाकरराव बसलेले असत. लंडनच्या हॅरोच्या आसपास अर्धी हयात त्यांनी लहान मुलांना तपासण्यात घालवली, आणि उरलेली कीर्तनात. मामाकडून विद्या घेतलेली. धोतर, उपरणं, पगडी आणि आतून थर्मल, असा त्यांचा विलायती नारदाचा थाट. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रामनवमीला त्यांनीच उभं राहायचं, असा शिरस्ता पडून गेला होता. मग मज्जातंतूंचा आजार आला. पाय मुसळासारखे ताठ व्हायचे, पोटऱ्यांत असा गोळा यायचा की शांत स्वभावाचा हा माणूस उशी चावायचा. डॉक्टरांनी तोंडात मारायचा एक स्प्रे दिला. त्याने तोंड इतकं आलं की वरणभातही झोंबे. तो बंद झाला. तेव्हा त्याच आजाराच्या एका गोऱ्या बाईने क्लिनिकच्या कार पार्कात बाईंच्या पिशवीत एक इवलं रोप टाकलं होतं.

कमलाकरराव आधी घाबरले. "सुप्रभा, मी डॉक्टर होतो गं."

"आता पेशंट आहात," बाई म्हणाल्या. "पेशंटने डॉक्टरकी करू नये, हे तुम्हीच सांगायचात."

बाई पाला नि तुरे तुपात मुरवीत. रात्री जेवणानंतर त्याचं बोटभर चाटण. त्याने आजार काही गेला नाही, पण सकाळी कमलाकरराव स्वतःचे मोजे स्वतः घालू लागले. ज्याने ते सुख गमावलेलं नाही त्याला त्याची थोरवी कळायची नाही.

गेल्या रामनवमीला गादी रिकामी राहिली होती. या खेपेला त्यांना उभं राहायचं होतं. बसून सांगतात ते प्रवचन. नारदांच्या गादीवर कीर्तनकार उभा राहतो. दिव्याखाली दोन झाडं तुऱ्यावर आली होती आणि रामनवमीचं तूप त्यांच्यावरच व्हायचं होतं. वास घरभर दरवळे, पण शेजारीण एकदा कुंपणावरून कौतुकाने म्हणाली होती, "तुमचा तो हिंग फार स्ट्राँग असतो हं." बाईंनी मान डोलावली होती.

रविवारी मंडळाचा अध्यक्ष परीक्षित कीर्तनाचं ठरवायला स्टॅनमोरहून आला. नोकरी मिल्टन कीन्सला, सॉफ्टवेअरची. माणूस सरळ, मेहनती, पण सावलीलाही ओळखपत्र विचारणारा. सोबत त्याची आई, लीलावतीबाई. विदर्भातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि थंडीपेक्षा इथल्या भाज्यांना जास्त कंटाळल्या होत्या.

"काका, तुम्ही तर एकदम फिट दिसताय!" परीक्षित म्हणाला. "मी सांगितलेलं ते प्राणायामाचं ॲप सुरू केलंत ना? बघा, फरक!"

कमलाकररावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने चहात साखर जरा जोरात ढवळली.

"या वर्षी लाइव्ह स्ट्रीम करू या. नागपूरला मामालोक बघतील."

"उभा राहिलो तर बघतील," कमलाकरराव म्हणाले, "पडलो तर शेअरही करतील."

हशा झाला. लीलावतीबाई बाथरूम विचारून वर गेल्या. त्यांना वेळ लागतोय हे बाईंच्या लक्षात आलं, पण दुखऱ्या गुडघ्यांची माणसं, जिने हळू चढतात, असं वाटून त्या पोहे परतीत राहिल्या. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा लीलावतीबाईंच्या तोंडावर माहेरचं माणूस भेटल्यासारखा आनंद होता आणि पदर हिरव्या पाल्याने भरलेला.

"अवो सुप्रभाताई! काय म्हणावं तुम्हाले! एवढी अंबाडी वर लपवून ठेवली अन् मी इथं ज्वारीच्या कण्यांची आठवण काढून रडते, ते पाहत बसता? दाराखालून उजेड दिसला म्हणून डोकावले, तं पाहते काय, वावरच लावलं हाय!"

बाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. पदरात नुसती पानं नव्हती, तुरे होते.

"शेंडे शेंडेच खुडले बरं का," लीलावतीबाई समजावून सांगू लागल्या, "जून पान चोथ्यावानी लागते. एक चावूनही पाहिलं. आंबट काही नाही लागलं बाई. म्हटलं, इथं ऊनच नाही, तं आंबटपणा कुठून येईन बिचारीत? चिंच घालीन थोडी. लसणाची फोडणी. पोरं बोटं चाटतीन."

लीलावतीबाईंचा दोष नव्हता. अंबाडीचं पान अस्संच, पंजासारखं, करवतीच्या दात्यांचं. ज्या मुलखात घराघरात अंबाडीची भाजी शिजते तिथल्या बाईला त्या खोलीत दुसरं काही दिसलंच नसतं. एखादा पोलीस आला असता तर त्याला पाच बोटांत गुन्हा दिसला असता. लीलावतीबाईंना जेवण दिसलं.

'औषध फवारलंय, खाऊ नका' एवढं म्हणून पाला परत मागता आला असता. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण परीक्षित मधेच हसून म्हणाला, "वा काकू, काकांना ॲपने बरं केलं आणि तुम्हाला शेतीचा वेळ मिळाला!" आणि बाईंच्या आत काहीतरी झाऱ्यासारखंच तापून उठलं.

"ती अंबाडी नाही," त्या म्हणाल्या. "गांजा आहे. काकांना त्याने बरं वाटतं. तुझ्या ॲपने नाही."

मग लीलावतीबाईंनी पदर सोडला आणि गालिचाभर हिरवळ झाली.

"अवं माय! मी पान चावलं नं! परीक्षित, मले चढते काय रे? डोळे पाह्य माहे!"

"आई, तू बस. गप्प बस." परीक्षितचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला. "काकू, तुम्हाला कळतंय का? इट्स अ क्लास बी ड्रग. मंडळात अर्धी मुलं वर्क व्हिसावर आहेत. माझं पर्मनंट रेसिडेन्सीचं अजून व्हायचंय. उद्या पेपरात आलं की मराठी मंडळाचे कीर्तनकार... काय तोंड दाखवायचं?"

"जे आहे तेच. माझं तर एकच आहे."

"आणि गादीचं काय? नारदांची गादी ही. कीर्तनकार निर्व्यसनी पाहिजे, हे काकाच आम्हाला सांगत आलेत. सॉरी टू से, पण झाडं आज जातील तर कीर्तन. नाहीतर मी ऑनलाइन कुणा बुवांना गाठतो."

"व्यसन?" बाई म्हणाल्या. "व्यसन सुखासाठी करतात रे. तू या माणसाला रात्री उशी चावताना पाहिलंयस?"

कमलाकररावांनी हात वर केला. गादीवर पेटी थांबवायला करीत तसा. "सुप्रभा, त्याचं चूक नाही. पोरांच्या व्हिसावर माझे पाय ठेवून मला उभं राहायचं नाही. हॉल राहू दे, परीक्षित. झाडांचं आम्ही बघू."

परीक्षित आईला हाताला धरून निघाला. दारात लीलावतीबाई वळून काही बोलणार होत्या, पण गाडीचा दरवाजा लागला.

बाई वर गेल्या. कलमं ज्याची घेत त्या आईझाडाला काड्या उरल्या होत्या. तुऱ्यावरची दोन्ही झाडं मुंडी. पेल्यातल्या कलमांना मुळं फुटायला, ती वाढायला, तुऱ्यावर यायला उन्हाळा उजाडला असता. गालिचावरचा चिरडलेला पाला वेचून त्यातून जे तूप झालं ते वाटीच्या तळाशी राहिलं. कमलाकरराव म्हणाले, "जाऊ दे गं. देवाला घरातल्या घरात पाळण्यात घालू."

"घरातच घालू," बाई म्हणाल्या. "पण दार उघडं ठेवून."

मशीनमधले कपडे रेडिएटरवर पसरता पसरता त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'रामनवमीचं कीर्तन आमच्या घरी, नेहमीच्या वेळी. वर गांजाची झाडं आहेत, ती राहतील. ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये, राग नाही. ज्यांना चालतं त्यांनी सुंठवड्याला वाटी आणावी.'

मग परीक्षितचा फोन आला. "काकू, डिलीट करा! प्लीज! कुणी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल."

"सांग की. पत्ता मात्र नीट सांग, आमच्या गल्लीत क्लोज म्हणतात ते बंद बोळ दोन आहेत, सगळे चुकतात."

"पोलीस येतील हो!"

"येऊ देत. बूट बाहेर काढायला लावीन."

फोन ठेवून त्यांनी पोळ्या लाटल्या. थोड्या वाकड्या झाल्या. संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, उत्तररंगाला मारुतीने आणलेला डोंगर सांगा. त्याने कुठं वनखात्याची परवानगी काढली होती? सगळ्यांची तोंडं बंद होतील."

कमलाकरराव हसले, पण मान हलवली. "गादीवरून स्वतःची वकिली करायची नसते. तिथं देवाचंच सांगायचं. जन्म आहे, जन्मच सांगीन. भांडायचं तर तू भांड, गादीबाहेर."

"भांडतेच आहे," बाई म्हणाल्या.

रामनवमीला हॉलभर माणसं काही आली नाहीत. पण पेटी घेऊन चैत्राली आली, व्हिसावरचीच पोरगी, आल्या आल्या म्हणाली, "काकू, मी वर जाणार नाही, म्हणजे मी काही पाहिलं नाही. सा कुठला लावू?" दोन-तीन जुनी कुटुंबं आली. आणि शेवटी लीलावतीबाई, मागे गाडीची किल्ली बोटात फिरवणारा परीक्षित.

"मी फक्त आईला सोडायला आलोय," तो उंबऱ्यातून म्हणाला.

"आत ये. दार उघडं राहिलं की हीटिंग वाया जातं," बाई म्हणाल्या.

तळाशी उरलेलं तूप सगळं चाटून कमलाकरराव उभे राहिले. पगडी, उपरणं, हातात चिपळ्या. पायांखाली गादी म्हणून घडी घातलेली शाल. पहिल्या नमनालाच आवाज असा लागला की लीलावतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पूर्वरंग बरा गेला. मध्यंतरात अध्यक्षाने बुक्का लावून हार घालायचा असतो. परीक्षित भिंतीला टेकून फोन बघत राहिला. तेव्हा लीलावतीबाईच उठल्या, त्यांनी हार घातला आणि वाकून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी तुमची सोन्यासारखी झाडं खुडली नं. माहं पाप हाय ते."

"तुम्ही पोरांच्या जेवणासाठी खुडलीत," कमलाकरराव म्हणाले. "अंबाडी असती तर मीही दोनदा वाढून घेतली असती."

उत्तररंग सुरू झाला. अयोध्या सजली, राण्यांना डोहाळे लागले, आणि बाईंना मागून दिसलं की धोतराखाली पोटरी दगडासारखी उभी राहतेय. तूप पुरत नव्हतं. कमलाकररावांचा आवाज चढत होता, पण गुडघा आत वळत होता आणि चिपळ्यांचा हात आधार शोधत हवेत फिरत होता. चैत्रालीने पेटी थांबवून खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी मान हलवली. बसलं की प्रवचन झालं. बसलं की गादी सुटली आणि परीक्षितचं खरं झालं.

बाई उठल्या. त्यांनी पायांतल्या सपाता काढल्या, सरळ शालीवर पाय ठेवला आणि वळून नवऱ्याच्या पाठीला आपली पाठ लावली. तोंड भिंतीकडे, हातात झांज. कमलाकररावांचा सगळा भार त्यांच्या मणक्यावर आला. एकदा त्या कण्हल्या. मग टाचा रोवल्या आणि ठेका धरला.

"काकू," परीक्षित पुढे झाला, "गादीवर कीर्तनकाराशिवाय कुणी उभं राहत नाही."

"मग ये," बाई भिंतीला म्हणाल्या. "उतरव मला."

परीक्षितने आईकडे पाहिलं. लीलावतीबाई रामजन्माच्या पाळण्याची दोरी हातात घट्ट धरून बसल्या होत्या आणि लेकाकडे अशा बघत होत्या की तो लहानपणापासून त्या नजरेला ओळखत असावा. तो जिथं होता तिथंच मांडी घालून खाली बसला.

"सुप्रभा," कमलाकरराव पाठीतून पुटपुटले, "हलू नकोस."

"तुम्ही जन्म होऊ द्या," बाई म्हणाल्या. "मी कुठे जातेय?"