मावशींचा खांदा आणि माझं झाकण

मित्रांनो, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत, मागच्या ओल्या भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. मी वाफेवर चालणारा इस्त्रीचा प्रेस, आता पुरता म्हातारा झालेला. खाली गादी, वर लोखंडी झाकण. कापड अंथरायचं, झाकण दाबायचं, वाफ सोडायची, झाकण उचलायचं. माझं सारं आयुष्य यातच गेलं. झाकण उचलताना माणसाला त्रास होऊ नये म्हणून मला घडवणाऱ्यांनी मागे एक जाड स्प्रिंग बसवली होती. भार ती घ्यायची, माणसाने नुसता हात लावायचा.

मी नवा असताना माझं फार कौतुक झालं. थोरले मालक आल्यागेल्याला मला दाखवत. मावशी तेव्हाच माझ्यावर कामाला लागल्या. त्या कोणाच्या सख्ख्या मावशी होत्या कोण जाणे, पण सगळी लाँड्री त्यांना मावशीच म्हणायची. "माझ्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा, चहा माझ्याकडून," अशी त्या पैज लावत. चहा पाजायची वेळ त्यांच्यावर क्वचितच येई.

मग थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा आला. माझी स्प्रिंग ढिली पडली. यंत्रं दुरुस्त करणारे फिटरदादा येत तेव्हा सांगत, "साहेब, स्प्रिंग गेलीय. सगळं वजन मावशींच्या खांद्यावर येतंय."

"चालतंय ना? मग चालू दे," मालक मोबाईलमधून मान वर न काढता म्हणत.

मी कुरकुरायचो. पुढे पुढे त्या कुरकुरीचीही सगळ्यांना सवय झाली. मावशी दात आवळून झाकण उचलत. दुपारी उजवा खांदा गरम चादरीच्या घडीने शेकत आणि पुन्हा उभ्या राहत. एके सकाळी झाकण अर्ध्यावर असतानाच त्यांचा हात लुळा पडला. त्या मटकन खाली बसल्या. खांद्याचा स्नायू फाटला आहे, हे काम आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हाताला फडकं बांधून त्या अपंगत्वाचा भत्ता मागायला आल्या. मालक माझ्याच शेजारी उभे होते.

"मावशी, वय झालं की खांदे दुखायचेच. घरी पाणी भरता, धुणी धुता, त्याने झालं असेल. लाँड्रीचा काय संबंध?"

"घरचं सगळं लेक बघते, साहेब. मी घरी जाऊन नुसती आडवी होते."

"भत्ता मिळणार नाही," मालक म्हणाले आणि निघून गेले.

लेकीनेच आईला कामगार खात्यात नेलं. तक्रार झाली, सुनावण्या लागल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. मावशी अधूनमधून येऊन घड्या घालणाऱ्या बाईजवळ टेकत. ही बाई इतकी कमी बोले की सगळे तिला घुमी म्हणत. "कंटाळा आला गं," एवढंच मावशी म्हणत. घुमी नुसती मान हलवी.

अखेर खात्यातल्या तपासनीस बाई मला बघायला येणार असं ठरलं. आदल्या दुपारी मालकांनी सगळ्यांना लवकर घरी पाठवलं. फिटरदादा आले. त्यांनी माझी जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली, सांध्यासांध्यात तेल सोडलं. मित्रांनो, मी किती सुखावलो म्हणून सांगू! वाटलं, इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझी दया आली.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या देखत मालक तपासनीस बाईंना म्हणाले, "बघा, दोन बोटांनी उचलतं." आणि खरंच, माझं झाकण दोन बोटांवर उचललं गेलं. तेव्हा कुठे मला कळलं, मला तेल कशासाठी पाजलं ते. मावशींचा चेहरा उतरला. लोखंड लाजलेलं दिसत नाही, म्हणून मी वाचलो.

"हे असं नव्हतं हो," मावशी पुटपुटल्या.

तपासनीस बाईंनी मागे वाकून पाहिलं. "स्प्रिंग कधीची आहे?"

फिटरदादांनी मालकांकडे पाहिलं. "जुनीच आहे."

"कालची आहे," मागून आवाज आला. घुमी हातातली चादर छातीशी धरून उभी होती. "काल सकाळपर्यंत झाकण कुरकुरत होतं. स्प्रिंग बदलायची म्हणून तर आम्हाला लवकर घरी पाठवलं. सांगा ना, दादा."

मालक गरजले, "तू तुझं काम कर!"

ती हलली नाही. फिटरदादांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. "हो बाई, कालचीच. जुनी भंगारात पडलीय. बदलू द्या म्हणून किती वेळा विनवलं होतं मी."

त्यानंतरही मालकांनी वर अपील केलं. उशिरा का होईना, भत्ता मंजूर झाला. मागितला त्याहून कमीच. फिटरदादांना पुन्हा बोलावलं गेलं नाही. घुमीला ओल्या कपड्यांच्या टाकीवर धाडलं. मावशी सगळ्यांना भेटायला आल्या, तेव्हा त्यांची वेणी लेकीने घातलेली होती. माझ्यासमोर थांबून त्या म्हणाल्या, "सुटले बाबा तुझ्या तावडीतून." हसल्या, पण थकलेलं हसू होतं ते.

आता माझ्यावर दुसरी बाई काम करते. अंगाने बारीक आहे, कामाला चपळ आहे. नवी स्प्रिंगही एव्हाना थोडी दमली आहे. झाकण उचलताना ती बाई हल्ली मध्येच हात बदलते. मित्रांनो, तुमच्या आसपास कोणी असं हात बदलताना दिसलं, तर जवळ जाऊन विचारा, "जड जातंय का?" आणि ते तपासणीच्या आदल्या दिवशी विचारू नका, आजच विचारा.