तिसऱ्या छिद्राचे माप

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे, हाडातल्या छिद्राची खोली मोजणारी. अंगावर मिलिमीटरच्या रेघा आणि टोकाला तांदळाच्या कणीहून लहान हूक. ग्वाल्हेरच्या एका रुग्णालयात, ऑपरेशनच्या हत्यारांच्या पेटीत मी राहते.

तुमच्या डोक्याच्या मागे, मधोमध हात लावून पाहा. एक उंचवटा लागेल. तिथे कवटीचे हाड चांगले जाड असते. बाजूला सरकावे तसे ते पातळ होत जाते आणि पलीकडे लगेच मेंदू असतो. मानेचा आणि डोक्याचा सांधा ढिला झाला, की डॉक्टर तिथे धातूची पट्टी स्क्रूने बसवतात. स्क्रू आखूड असला तर पकड राहत नाही, लांब असला तर आत टोचतो. म्हणून आधी मला छिद्रात सोडायचे, हूक पलीकडच्या कडेला अडकवायचा आणि रेघ वाचायची.

डॉ. अभिराम आणि सीमंतिनी सिस्टर यांची एक रीत होती. डॉक्टर आकडा मोठ्याने सांगत, सिस्टर तोच पुन्हा म्हणत आणि मगच स्क्रू देत. पुढे डॉक्टरांचे नाव झाले. लोक म्हणू लागले, "सरांच्या बोटांतच मोजपट्टी आहे." ते कौतुक मलाही गोड वाटले, याची आज लाज वाटते.

मग सुमनताई आल्या. त्या शाळेत लेझीम शिकवत. टेबलावर झोपता झोपता त्यांनी विचारले, "डॉक्टर, गणपतीत मुलींच्या पुढे मीच नाचते. जमेल ना?"

"दोन महिन्यांत नाचाल, ताई."

मधली दोन छिद्रे मोजली. दहा आणि दहा. तिसरे बाजूला होते. सिस्टरांनी मला पुढे केले. "सर, नाप?"

"अहो, किती वेळा नाप घ्यायचं? दहाचाच द्या."

सिस्टर क्षणभर थांबल्या. मी त्यांच्या हातातच होते. मग त्यांनी मला ताटात ठेवले आणि दहाचा स्क्रू दिला.

तिथले हाड सहा मिलिमीटरचे होते. ते नंतरच्या स्कॅनमध्ये दिसले. स्क्रू बदलला, सुमनताई वाचल्या. पण शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग नेमका तिथेच असतो. गणपती येऊन गेले, तरी त्या भिंत धरूनच चालत होत्या.

त्या तपासणीला आल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. "हिनं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. चूक माझी आहे."

सुमनताईंनी माझ्या रेघांवरून बोट फिरवले. "माझ्याकडे दहा-दहा वर्षं नाचणाऱ्या मुली आहेत, डॉक्टर. त्यासुद्धा रोज एकपासून पावलं मोजतात."



आता प्रत्येक छिद्रात मला सोडतात. आकडा दोनदा म्हटला जातो. माप घेतल्याशिवाय सिस्टर मला ताटात ठेवत नाहीत. पण मित्रांनो, सुमनताईंचे सहा मिलिमीटर माझ्याजवळ तसेच राहिले आहेत. ते मागायला कुणी आले नाही आणि मला हाक मारता येत नाही. तुमचा हात कितीही बसला, तरी माझ्यासारख्या मुक्या वस्तूला एकदा विचारा. आम्ही विचारल्यावरच बोलतो.