एकूण ऐंशी

कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात एकूण किती गुण होणार, याचा बाजाराचा अंदाज चढला की मगदुमांच्या घरचा जिना लांबायचा. अंदाज उतरला की पायऱ्या गुपचूप मिटायच्या. त्रिशलाबाईंना त्याचं नवल नव्हतं, केर काढायला तेवढं जास्त पडायचं इतकंच. मोबाईलवरच्या त्या बाजारात अख्खी गल्ली होती. कुणी ‘जास्त’ घ्यायचं, कुणी ‘कमी’, आणि पायऱ्या मात्र मगदुमांच्या, कारण पोरगी त्यांची खेळत होती.

पोरीची, अनुजाची, फायनल सुरू व्हायच्या तोंडावर तिचे वडील जयपालराव टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर गेले. तेवढ्यात शेजारच्या चौगुले वहिनींनी हौसेनं ‘जास्त’ घेतलं.

“अगं, जिना लांबला की!” वरून आवाज आला.

“सांगत होते, सामना संपल्यावर जावा म्हणून. ऐकतंय कोण!”

त्रिशलाबाई चिडल्या होत्या, पण आतून घाबरल्याही होत्या. सामना सुरू झाला की जिन्यावरच्या माणसाला एका गुणाला एक पायरी उतरता येते, आणि उतरावीच लागते. गुण कमी पडले तर माणूस अधांतरी. जास्त झाले तर फरशीच्या खाली. मागच्या गल्लीतले एक मास्तर असेच कमरेपर्यंत फरशीत गेले होते आणि अजून तिथूनच शिकवण्या घेत होते.

बाजार बंद होताना खेळाडूच्या घरी शेवटचा आकडा विचारायची पद्धत होती. फोन वाजला.

“किती?”

“एकूण ऐंशी,” त्रिशलाबाई ठासून म्हणाल्या. जिना करकरला आणि थांबला.

सामना सुरू झाला. अनुजाची बास्केट पडली, जयपालराव दोन पायऱ्या खाली आले. समोरच्यांची पडली, आणखी दोन. मध्यंतरात ते मधल्या पायरीवर बसले आणि बायकोनं खालून फेकलेला पेरू खाल्ला. मग पोरी अशा काही सुटल्या की त्यांना धाप लागली.

सामना संपायच्या घंटेला समोरचे चाळीस, अनुजाची टीम एकोणचाळीस. जयपालराव शेवटची पायरी सोडून फरशीवर उभे राहिले.

“आलो बाई एकदाचा!”

“कसे आलात? एक पायरी उरायला हवी.” त्रिशलाबाईंनी घाईनं मोबाईल बघितला. बाजारानं लिहून घेतलं होतं: एकोणऐंशी. त्यांचं ‘एकूण ऐंशी’ बाजाराला असं ऐकू गेलं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला.

आणि अनुजाला एक फ्री थ्रो मिळाला होता. गेला की बरोबरी. बरोबरी झाली की जादा वेळ, आणि मग बास्केटवर बास्केट, घोटा, गुडघा, गळा.

“तिचा नेम कधी चुकलाय का?” जयपालराव हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुकच होतं. पायांखालची फरशी मऊ व्हायला लागली होती.

आईनं पोरीचा नेम चुकावा म्हणून हात जोडले. असं मागताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अनुजानं बॉल टाकला. तो रिंगवर बसला आणि कडेकडेनं फिरत राहिला. आत पडेना, बाहेरही पडेना. पंच शिट्टी तोंडात धरून वर बघत उभा होता.

वाट बघून बघून बाजारानंच निकाल लावला. एकूण एकोणऐंशी.

फरशी पुन्हा टणक झाली. त्रिशलाबाई मटकन शेवटच्या पायरीवर बसल्या आणि रडता रडता हसायलाच लागल्या. जयपालरावांनी घरभर चालून दाखवलं, उंबऱ्यावर दोनदा पाय आपटले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चौगुले वहिनी साखर घेऊन आल्या.

चहा उकळत होता तेव्हा अनुजाचा फोन आला. “आई, आम्ही सगळ्याजणी अजून इथंच आहोत. बॉल फिरतोय.”

“फिरू दे,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “तू जेवलीस का?”

त्यांनी कप पुढे केला. जयपालरावांनी दोन्ही पाय खुर्चीवर उचलून घेतले आणि मगच तो हातात घेतला.