डिकीच्या दारावरच्या दोन जाळ्या

जिंकलं तर तिला मिळणार काय होतं? पहिल्या रांगेत गाडी उभी करायला एक जागा. त्या जागेवर दिवसभर ऊन. सीट अशी तापणार, की परत निघताना खाली टॉवेल घालून बसायचं. तिसऱ्या रांगेवर मात्र मैदानातल्या एकुलत्या एका मोठ्या झाडाची सावली पडायची आणि तिथली तिची जागा वर्षानुवर्षं पक्की होती. म्हणजे जमेला ऊन आणि खर्चाला सावली. असा व्यवहार शहाण्या माणसाने करू नये. पण जमेत तिला आणखी एक गोष्ट धरायची होती. सगळ्यांसमोर दादाच्या तोंडून निघालेलं "चुकलं". ही वस्तू घरात आजवर कोणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तिचा भाव ठरवणं अवघड होतं.

"मागच्या रांगेत घे गं," दादा फाटकापाशी उभा राहून हाताने खुणावत म्हणाला. "तुझी जागा ठेवलीये झाडाखाली."

"आज नको," ती म्हणाली आणि तिने इंजिन बंद केलं.

गाडी फाटकातच उभी. मागून हॉर्न वाजला. दादाने आधी मागच्या गाडीवाल्याकडे पाहून ओशाळं हसून घेतलं, मग खाली वाकून खिडकीतून विचारलं, की तब्येत बरी आहे ना.

मेळावा एकाच जातीच्या गाड्यांचा होता. दोन सीटांची जुनी जपानी गाडी, लांबलचक बॉनेट, खोबणीत बसवलेले दिवे, मागे उतरत गेलेलं छत. मालक मंडळी तिला नुसतं 'झेड' म्हणत. बाहेरच्या माणसाला सगळ्या झेड जुळ्या बहिणी वाटाव्यात. या मंडळींना मात्र लांबूनच कळायचं, कोण कधी जन्मली ते. सुरुवातीच्या गाड्यांच्या डिकीच्या दारावर, काचेच्या खाली, हवा खेळायला दोन आडव्या जाळ्या असत आणि छताच्या मागच्या खांबावर गाडीच्या नावाची धातूची अक्षरं. पुढे जाळ्या दारावरून गेल्या आणि अक्षरांच्या जागी, खांबावर, गोल बिल्ला आला. हवा त्या बिल्ल्यातूनच बाहेर पडू लागली. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फरकावर माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं होतं.

पहिली रांग सुरुवातीच्या गाड्यांची. दुसरी नंतरच्यांची. तिसरी मिश्र गाड्यांची, म्हणजे एका गाडीला दुसऱ्या सालच्या गाडीचा पत्रा लावलेल्यांची. दुरुस्ती चालेल, रंग चालेल, गंज खरवडून बुजवला तरी चालेल, पण पत्रा त्याच गाडीचा हवा. हा नियम दादाचा. तो मेळाव्याचा परीक्षक होता आणि त्याची स्वतःची झेड पहिल्या रांगेच्या मधोमध उभी असायची.

तिची गाडी बाबांची. बाबा गेले तेव्हा घराचा वरचा मजला दादाला आला आणि गाडी तिला. दादाने मजला घेतला, पण गाडीवरची नजर काही काढून घेतली नाही. गाडीच्या खांबावर सुरुवातीची अक्षरं होती आणि डिकीचं दार मात्र सपाट, जाळ्या नाहीत. "बाबांची गाडी म्हणजे पुढून आजोबा, मागून नातू," हा दादाचा विनोद. तो त्याने बाबांच्या देखत केला होता, बाबांच्या पश्चात केला होता आणि बहुधा तिच्या लग्नातही केला असता, पण तिने लग्न केलं नाही. बाबा फक्त म्हणायचे, या गाडीला दुसऱ्या गाडीचा तुकडा लागलेला नाही. लोक म्हणायचे, फसवलं हो तुम्हाला विकणाऱ्याने. त्यावर बाबा म्हणायचे, "असेल."

तिला हे "असेल" सलायचं. बाबा एक तर खोटं बोलत होते किंवा मूर्ख ठरत होते. दोन्हीपैकी काहीच त्यांच्या अंगाला बसत नव्हतं.

ती कृत्रिम दात बनवायची. दंतवैद्यांकडून साचे यायचे, ती कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या करून पाठवायची. मेळाव्यात तिला सगळे दातवाली म्हणत. गेल्या हिवाळ्यात गाडीच्या डिकीच्या दाराचा आतला पुठ्ठा खडखडू लागला. त्याची एक पिन तुटून दाराच्या पोकळीत पडली असावी म्हणून तिने कामावरचा, तोंडात घालून बघायचा, लांब दांड्याचा इवलासा आरसा आणला, बॅटरी लावली आणि आरसा आत सरकवला. पिन मिळाली नाही. जे दिसलं त्याने ती डिकीतच मांडी घालून बसली. तिने नखाने बाहेरून पत्रा वाजवून पाहिला, जसा ती दात वाजवून पाहायची. दोन ठिकाणी आवाज बद्द आला.

घरी दादाला सांगता आलं असतं. पण दादा घरी "बरं" म्हणाला असता आणि विषय संपला असता. तिला "बरं" नको होतं. म्हणून तिने उन्हाळ्यापर्यंत तोंड मिटून ठेवलं. दुसऱ्यांच्या तोंडांसाठी दात घडवण्यात दिवस जाणाऱ्या बाईला हे फार जड गेलं.

"मला पहिल्या रांगेसाठी तपासणी हवीये," ती आता म्हणाली.

"अगं, तुझं दार नंतरच्या सालचं आहे. आंधळ्यालाही कळेल."

"मग डोळसांनी बघा."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न थांबवला आणि तो खाली उतरला. भांडण घरचं असेल तर लोकांना वाट पाहायला हरकत नसते. बघता बघता कोंडाळं जमलं. वहिनी घडीची खुर्ची काखेत धरून आली आणि कोणाची बाजू घ्यावी लागू नये म्हणून तिने काळा चष्मा चढवला. दुसरा परीक्षक म्हणजे पेंटरकाका. आयुष्यभर गाड्या रंगवून म्हातारे झालेले गृहस्थ. त्यांच्या खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक असे. पत्रा खरा असेल तिथे ते चिकटे, पुट्टी किंवा शिसं भरलेलं असेल तिथे घसरे. पहिल्या रांगेतली प्रत्येक गाडी ते अशी चाचपून बघत.

"या दारावर कधी फिरवलंत चुंबक?" तिने त्यांना विचारलं.

पेंटरकाका विचारात पडले. नव्हतं फिरवलं. जे दार बघताक्षणीच चुकीचं ठरलं, त्याला चुंबक कशाला लावायचं? चुंबक होतं खोटं बोलणाऱ्या गाड्यांसाठी. ही तर जाळ्या नसल्याचं उघड उघड दाखवत उभी होती. सगळ्यांनी इतकी वर्षं जाळ्या शोधल्या आणि त्या दिसल्या नाहीत म्हणून तिथे काय आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं.

काकांनी फडक्यातलं चुंबक काचेखालून हळूहळू सरकवलं. ते चिकटत चिकटत गेलं आणि एका जागी सुटून त्यांच्या तळव्यात पडलं. काकांनी ते पुन्हा लावलं. पुढे ते चिकटलं आणि दुसऱ्या बाजूला, बरोबर तेवढ्याच अंतरावर, पुन्हा पडलं.

कोंडाळं एक पाऊल पुढे सरकलं.

तिने पुठ्ठा आधीच सैल करून आणला होता. तो बाजूला करून तिने आरसा आणि बॅटरी काकांच्या हातात दिली. "दादा," ती म्हणाली, "कवळीतला दात वेगळा आणि स्वतःचा भरलेला दात वेगळा. इतकी वर्षं तू याला कवळी म्हणतोयस."

पेंटरकाका आत बघत होते आणि बोटाने हवेत आकार काढत होते. मग त्यांनी सांगितलं, की जाळ्यांची भोकं आहेत, कारखान्यातली, कडा वळवलेल्या. आतून पत्र्याच्या चकत्या झाळून बसवल्यात, वरून शिसं ओतून घासलंय. दार याच गाडीचं. आणि काम असं, की मी केलं असतं तर गावभर सांगत फिरलो असतो.

दादाने आरसा मागून घेतला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, पण तो परीक्षक होता, आणि ती कबूल करायला तयार होती की चांगला परीक्षक होता.

"चुकलं," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "माझं चुकलं. सुरुवातीची आहे. पहिली रांग."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. तिला वाटलं होतं की हा क्षण आला की तिला काहीतरी खमंग सुचेल. ती नुसती हसत राहिली, बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत. सगळे तिचे स्वतःचे.

"पण बुजवल्या कशाला बाबांनी?" ती म्हणाली. "मला वाटलं, गंज लागला असेल."

"गंज नाही," काका म्हणाले. "कडा धडधाकट आहेत. हे वासासाठी करायचे लोक. या जाळ्यांतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जायचा. सुरुवातीच्या गाड्यांचं दुखणंच ते, धुराचा वास येणार म्हणजे येणारच. गाडीची शोभा जाते म्हणून मालक शक्यतो बुजवत नसत." मग त्यांनी सहज विचारलं, "घरात कोणाला गाडी लागायची का?"

उत्तर दादाने दिलं.

"हिला."

डिकीच्या काचेखाली, सामान ठेवायच्या जागेत, उशी टाकून ती बसायची. सीटा दोनच, आणि दुसऱ्या सीटवर दादा. गल्लीचं टोक येईपर्यंत तिला मळमळायचं, दोन वळणांत पोटातलं बाहेर. दादाने तिचं नाव कारंजं ठेवलं होतं. मग एका सुट्टीनंतर ते थांबलं. बाबांनी आरशातून मागे पाहत म्हटलं होतं, "बघ, मोठी झालीस तू." आणि तिने ते खरं मानलं होतं. शाळेत सांगितलं होतं. दादाला तर रोज सांगितलं होतं. मोठं झाल्याचा तिच्याकडे तेवढा एकच पुरावा होता.

टाळ्या ओसरल्यावर लोक आपापल्या गाड्यांकडे वळले. दादा मात्र आरसा हातात घेऊन तसाच उभा. वास येणार म्हणजे येणारच, असं काका म्हणाले होते. आणि दादाची गाडी पहिल्या रांगेत ज्या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती, ती म्हणजे तिच्यात कधी वास येत नसे. मी देखभाल ठेवतो, तो सांगायचा.

तो आपल्या गाडीपाशी गेला. डिकी उघडून पुठ्ठा ओढला, आरसा आत घातला. ती मागोमाग गेली, पण चार हात लांबच थांबली. त्याच्या गाडीवर दोन्ही जाळ्या होत्या, चकचकीत. आत भोक नव्हतं, हवेला वाटच नव्हती. नंतरच्या सालचं सपाट दार आणून, त्यावर वरून जाळ्या बसवल्या होत्या. विकणाऱ्याने दादाला फसवलं होतं, आणि पत्रा अख्खा असल्यामुळे काकांचं चुंबकही कधी घसरलं नव्हतं.

"असेल म्हण आणि सोडून दे," ती हळूच म्हणाली. "कोणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय ना," दादा म्हणाला. त्याने आरसा आपल्या शर्टाला पुसून तिला परत दिला. "नियम कोणाचा आहे?"

त्याने स्वतःच गाडी काढली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत नेऊन झाडाखाली लावली. वहिनीने खुर्ची उचलली. "चला," ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी एकदाचं सावलीत बसायला मिळालं."

रिकाम्या झालेल्या जागेत, रांगेच्या मधोमध, तिने बाबांची गाडी लावली. ऊन रणरणत होतं. सीट तापली, स्टिअरिंगला हात लावता येईना. ती उतरली नाही. येणारे-जाणारे थांबत, सपाट दारावर हात फिरवत, आणि ती त्यांना न कंटाळता पुन्हा पुन्हा आरसा देत राहिली.

हिशोब सांगायचा तर तिने सावली भरली आणि दादाने जागा. दोघांचंही फार काही गेलं नाही. मोठी रक्कम आधीच भरलेली होती. गाडीची शोभा, पहिली रांग, आणि जन्मभर चारचौघांत म्हटलेलं प्रत्येक "असेल", हे सगळं बाबांनी एकट्याने भरलं होतं, आणि पावती तिच्या नावाने फाडली होती. मोठी झालीस तू.