काका आत्याच्या कंसात

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नका ठेवू. पडद्यासमोर मांड्या घालून बसलाच आहात, तर ऐकून तरी घ्या.

मी एक जुना, जेमतेम पानभर लांबीचा प्रोग्रॅम आहे. या घरच्या सूनबाईने जेवणाच्या टेबलावर, एका बाजूला मटार सोलता सोलता मला जन्माला घातलं. माझं काम सोपं. कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस, अशी कोंबून ठेवलेली माहिती मला द्यायची. मी तिच्या सुबक ओळी पाडतो. जो सगळ्यांत बाहेरच्या कंसात, तो समासाला चिकटून. त्याच्या आतला एक पाऊल उजवीकडे, त्याच्याही आतला आणखी एक पाऊल. बघताक्षणी कळतं, कोण कुणाच्या पोटात आहे.

तरुणपणी मी भारी मिरवलो. फडताळ, त्यात डबा, डब्यात डबी, डबीत लवंग, असं अख्खं स्वयंपाकघर मी कागदावर मांडलं. शेजारचे वायरमन स्वतःच्या हत्यारांच्या पेट्यांची माहिती घेऊन आले आणि माझी पाठ थोपटून गेले. एकदा तर कंस इतके खोल गेले, की ओळी सरकत सरकत कागदाबाहेर पडल्या, भिंतीवर चढल्या, आणि शेवटची ओळ खिडकीतून समोरच्यांच्या कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली. त्यांनी ती वाळवून, घडी घालून परत पाठवली.

पुढे नवे चकचकीत प्रोग्रॅम आले आणि मी कोपऱ्यातल्या एका फोल्डरात पडून राहिलो. कुणी साधं उघडूनही बघेना.

मला पुन्हा बाहेर काढलं ते आजोबांमुळे. आजोबा म्हणजे सूनबाईचे सासरे. त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आला होता. "भेटबिट काही नको मला," ते म्हणाले. "ती दोघं एका खोलीत बसलेली दिसली तरी पुरे." ती दोघं म्हणजे त्यांची बहीण आणि धाकटा भाऊ, घरच्यांची आत्या आणि काका. आईचं आरशाचं कपाट आत्याने नेलं, तेव्हापासून काकांनी तिच्याशी अबोला धरला होता. ती जिथे असेल तिथून ते आल्या पावली परत फिरत.

सूनबाईने सगळं कुटुंब कंसांत भरून माझ्या हवाली केलं. मी वंशावळ पाडली, ती बाहेरच्या खोलीत भिंतीवर लागली. आज वाढदिवसाला आत्या तिच्यासमोर खुर्ची टाकून बसली होती. काका आले, आत्याला पाहून वळलेच होते. पण भिंतीवर आपलं नाव शोधायचा मोह कुणाला सुटतो? नाव सापडलं. आत्याच्या खाली, एक पाऊल आत, तिच्या मुलांच्या रांगेत पहिलं.

"मी हिचा मुलगा?" काका म्हणाले.

"मग चूक काय त्यात?" आत्या म्हणाली. "आई दुकानात असायची तेव्हा तुझं नाक कोण पुसायचं?"

"नाक पुसलं म्हणून कपाट न्यायचं?"

"घेऊन जा की. दारातून बाहेर निघत नाही मेलं. आत कसं गेलं तेच कळत नाही."

काकू मागून पुढे आल्या. "मला तर सासू मिळाली या वयात," त्या आत्याला म्हणाल्या. "सासूबाई, चहा टाकू का?"

काकांनी हसू दाबायला मिशीवर हात ठेवला. तो पुरला नाही. "सरक जरा," म्हणत त्यांनी आत्याशेजारी खुर्ची ओढली. आजोबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच बसले.

ही सगळी माझी करामत, मित्रांनो. कुणाला कुणाच्या पोटात घालायचं ते मी चांगला विचार करून ठरवलं. म्हणून सांगतो, माझ्यासारख्या जुन्याला कोपऱ्यात टाकू नका. अधूनमधून उघडा, दोन ओळी चालवून बघा. आमच्यासारखी अक्कल नव्यांना...

"काय थापा मारतोय हा," सूनबाई मागून म्हणाली. पोरांच्या डोक्यावरून ती पडदा वाचत होती. "तुला जसं दिलं तसंच तू छापतोस. काकांचा कंस आत्यांच्या कंसात मी टाकला होता, मुद्दाम. आता गप्प बस. दोघं अजून बाहेरच बसलेत."